विसाव्याचे वाटेकरी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधला, काळ्या मातीचा आणि कापसाचा हा मुलूख; मुंबईचा धक्का येथून सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही अलीकडे आमच्या धर्मग्रामांतील घरांत समुद्राच्या गोष्टी निघू लागल्या आहेत. लग्नाचा रौप्यमहोत्सव कसा साजरा करावा, नोकरीतून निवृत्त झालेल्या वडिलांना एकदा तरी कोठे न्यावे, असा विषय निघाला की घरातील तरुण मंडळी मोबाईल पुढे करतात आणि त्यावर एक पांढरेशुभ्र, बहुमजली जहाज दिसू लागते. केबिन आतली घ्यावी की बाल्कनीची, दोन रात्रींची सफर करावी की पाच, पैसे एकरकमी भरावेत की हप्त्याने, अशी चर्चा सुरू होते. या चर्चेला आम्ही हसणार नाही. जी गोष्ट आपल्या माणसांना हवीशी वाटू लागली आहे, तिच्याकडे श्रद्धेच्या प्रकाशात नीट पाहणे हे आपल्यासारख्या नियतकालिकाचे कामच आहे.

अशा प्रसंगी आमच्यात दोन उत्तरे नेहमी तयार असतात. पहिले म्हणते : पैसा आपला, घाम आपला, तो कसा खर्चावा हे दुसऱ्याने सांगू नये. दुसरे म्हणते : ज्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकरी जीव देतो, तेथे असल्या चैनीचा विचार मनात आणणे हेच पाप. पहिले उत्तर बाजाराचे आहे, दुसरे धर्माचा वेष घालून आलेले आहे. आमच्या मते दोन्ही घाईची आहेत. पहिल्याला दुसरा माणूस दिसत नाही, आणि दुसऱ्याला माणसाचा थकवा दिसत नाही.

दुसऱ्या उत्तराचा विचार आधी करू, कारण भाविक मनाला ते लवकर पटते. संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथानीचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. मरियेने अत्यंत मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले आणि सारे घर सुवासाने भरून गेले. तेव्हा त्या तेलाची किंमत कोणी केली? यहुदाने. तीनशे दिनार, असा त्याचा हिशेब होता. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावरून आपल्याला कळते की एक दिनार म्हणजे एका मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे ते तेल जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचे होते. आमच्या भागातील भाषेत सांगायचे तर एका सालदाराच्या सालाएवढे. हे विकून गरिबांना का दिले नाही, हा यहुदाचा प्रश्न ऐकायला किती रास्त वाटतो! पण प्रभूने मरियेचीच बाजू घेतली, आणि शुभवर्तमानकारानेही नमूद करून ठेवले की प्रश्न विचारणाऱ्याला गरिबांची पर्वा नव्हती.

यावरून एवढे निश्चित होते की गरिबांचे नाव घेऊन दुसऱ्याच्या आनंदाची मापे काढणे हा सद्गुण नव्हे. तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या आईला, दवाखान्यात रात्रपाळ्या केलेल्या बहिणीला, चार दिवस कोणीतरी ताट वाढून द्यावे असे वाटले तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. संत थोमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांचा विचार नीतिशास्त्रात केला आहे. शरीर जसे श्रमाने थकते तसा आत्माही थकतो, आणि त्याला विरंगुळा लागतो, असे ते मानतात. याच संदर्भात त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी आख्यायिका दिली आहे. शिष्यांबरोबर विरंगुळ्यात रमलेल्या योहानाला पाहून काही लोक नाराज झाले. तेव्हा त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला योहानाने एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असे अखंड करता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. विसावा न घेणारा माणूस अधिक पवित्र असतो असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही.

मग प्रश्न उरतो तो कोठे? तो पाहण्यासाठी आपण नेमके काय विकत घेत आहोत हे समजून घ्यावे लागेल.

समुद्रप्रवास एके काळी सोसण्याची गोष्ट होती. मराठीला 'ख्रिस्तपुराण' देणारे फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक काळ ते पाण्यावर होते. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्रातून कळवले. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, हे त्यांनी जणू देवाची कृपा म्हणून सांगितले आहे; कारण इतर प्रवासांत याहून कितीतरी अधिक माणसे मरत. पुढे आगबोटी आल्या. मुंबई-गोवा आगबोट ही कोकणातील आणि गोव्यातील कित्येक पिढ्यांची गरज होती; नोकरीसाठी मुंबई गाठणारा आणि सुटीत गावी परतणारा माणूस तिच्यावरच अवलंबून असे. आता रस्ते झाले, रेल्वे झाली. गरज संपली आणि तिच्या जागी हौस आली.

ही हौस आपल्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले. एप्रिल २०१९ मध्ये 'कर्णिका' हे मोठे क्रूझ जहाज मुंबईत आले. पण पुढच्याच वर्षी करोनाच्या साथीत ते ठप्प झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस' या जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. त्यांचे बुकिंग रेल्वेची तिकिटे देणाऱ्या 'आयआरसीटीसी'मार्फतही मिळू लागल्याने समुद्र एकदम विदर्भातील घराघरांत आला. आपल्याला नवे वाटणारे हे जहाज मुळात १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात क्रूझ प्रवाशांसाठी बांधलेल्या भव्य टर्मिनलचे उद्घाटन झाले. तिकडे अमेरिकेत 'आयकॉन ऑफ द सीज' हे ३६५ मीटर लांबीचे, वीस मजली जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघाले. त्याचे बुकिंग मात्र ऑक्टोबर २०२२ मध्येच खुले झाले होते, आणि न पाहिलेल्या जहाजातील केबिनसाठी लोकांची झुंबड उडाली होती. त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी मावतात. म्हणजे आमच्याकडील एखादे मोठे गाव त्याच्या सरपंचासह, शाळेसह आणि बाजारासह पाण्यावर तरंगू लागावे, तसा हा प्रकार आहे.

या तरंगत्या गावातही वस्त्या आहेत. सर्वांत स्वस्त केबिन आतली. तिला खिडकी नसते. तिच्यावर खिडकीची, तिच्यावर बाल्कनीची, आणि सर्वांच्या वर सुइट. 'आयकॉन'वर तर तीन मजली घरासारखा एक सुइट आहे, ज्यात मुलांना वरून खाली यायला घसरगुंडी आहे. समुद्र मात्र सर्वांना एकच. आतल्या केबिनमधला माणूसही डेकवर येऊन उभा राहिला की त्याला तोच सूर्यास्त दिसतो आणि तोच वारा लागतो. मग जास्तीच्या पैशाने आपण काय घेतो? काही वेळा खरी सोय घेतो. आईला दम्याचा त्रास असेल, तिला मोकळी हवा हवी असेल, तर बाल्कनी ही तिची गरजच आहे. पण पुष्कळदा आपण घेतो ते शेजाऱ्याला नसलेले काहीतरी आपल्याला मिळाल्याचे समाधान. मेजवानीत मानाची जागा धरून बसणाऱ्या पाहुण्यांना प्रभूने दिलेली समज येथे आठवावी. बाजाराला आपली ही दुर्बलता चांगली कळते. म्हणूनच तो केबिन विकताना उंचीही विकतो.

या सर्व वस्त्यांच्या खाली आणखी एक वस्ती असते, जी जाहिरातीत दिसत नाही. ती कर्मचाऱ्यांची. त्यांच्या खोल्या बहुधा जहाजाच्या तळाकडच्या मजल्यांवर, पाण्याच्या पातळीजवळ किंवा तिच्याखाली असतात, आणि बहुतेकांना त्या दुसऱ्याबरोबर वाटून घ्याव्या लागतात. आपली केबिन आवरणारा, चादरी बदलणारा, पहाटे न्याहारीची टेबले लावणारा आणि रात्री उशिरा तीच टेबले पुसणारा माणूस तेथे राहतो. त्याचा करार साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांचा असतो, आणि त्या काळात आठवड्याची पूर्ण सुटी त्याला क्वचितच मिळते. जगभरच्या खलाशांच्या हक्कांसाठी २००६ साली झालेला सागरी श्रम करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. हा करार म्हणजे खलाशांसाठी मोठी ढाल आहे, यात शंका नाही. पण त्यातही कामाच्या तासांची एक कमाल मर्यादा आठवड्याला ७२ तास अशी आहे. आठ तासांचा दिवस धरला तर ७२ तास म्हणजे नऊ दिवसांचे काम. सात दिवसांच्या आठवड्यात नऊ दिवसांचे काम करणे हे तेथे कायद्याचे उल्लंघन ठरत नाही. ती कायद्याची चौकटच आहे.

हा माणूस आपल्याला परका नाही. जगातील क्रूझ जहाजांवर फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या लोकांबरोबर भारतीयही मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत गोवा, मंगळूर, मुंबई, वसई येथले आपले श्रद्धाबंधू पुष्कळ. कोकणीत त्यांना 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते आणि त्यांपैकी काही आजही आहेत. दोन सफरींच्या मधल्या काळात तारवटी तेथे उतरत, आणि संध्याकाळी वेदीपुढे एकत्र रोझरी म्हणत. ज्या हातांनी आपल्या केबिनची चादर घातली जाते, तेच हात कदाचित रात्री जपमाळ धरत असतील. अनेक जहाजांवर कर्मचाऱ्यांसाठी मिस्सा होते ती मध्यरात्रीच्या सुमारास, कारण त्याआधी त्यांचे काम संपत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज करोनामुळे अडकून पडले. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांत भारतीय १३८. सहा प्रवासी आणि १३२ कर्मचारी. संसर्ग टाळण्यासाठी प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहायला सांगण्यात आले. पण त्यांना जेवण कोणीतरी शिजवायला हवे होते, आणि दारापर्यंत नेऊन द्यायलाही हवे होते. ते काम कर्मचाऱ्यांनी केले. आणि काम संपल्यावर ते आपल्या सामायिक खोल्यांत परतले. त्या दिवसांत जहाजाची खरी रचना उघडी पडली : एकाचे दार बंद राहावे म्हणून दुसऱ्याला दारोदार फिरावे लागत होते. एरवीच्या आनंदी सफरीतही रचना हीच असते. फक्त ती संगीताच्या आवाजात जाणवत नाही.

येथे आम्हाला तिसरी आज्ञा आठवते. विश्रामदिन पवित्र पाळावा, ही ती आज्ञा. आपण ती बहुधा 'रविवारची मिस्सा चुकवू नये' एवढ्या अर्थाने मुलांना शिकवतो. तो अर्थ खराच आहे. पण निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत ही आज्ञा पूर्ण वाचली तर तिची व्याप्ती थक्क करते. विसावा घेणाऱ्यांची यादीच तेथे दिली आहे. तू, तुझी मुले, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना त्या दिवशी काम नाही. अनुवादाच्या पुस्तकात त्याचे कारणही सांगितले आहे : तुझ्याप्रमाणेच त्यांनाही विसावा मिळावा, कारण तूही कधी काळी मिसर देशात दास होतास. देवाने दिलेला विसावा हा असा वाटून घेण्याचा आहे. मालकाने पलंगावर पडावे आणि दासाने पंखा ओढावा, याला आज्ञेने विश्रामदिन म्हटलेले नाही.

यवतमाळच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आमच्या गावागावांत श्रावणी अमावास्येला पोळा होतो. वर्षभर ज्याने जू वाहिले त्या बैलाचे खांदे आदल्या दिवशी तूप-हळद लावून शेकले जातात, पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला पुरणपोळीचा घास भरवतात. आम्ही ख्रिस्ती असलो तरी या मातीतले आहोत, आणि या सणामागची जाण आम्हाला परकी वाटत नाही. जनावरालाही विसाव्याचा हक्क आहे, हे आज्ञेतले वचन आमच्या शिवारात असे चालते-बोलते झालेले आहे. मग जो माणूस आपले ओझे वाहतो, त्याचा पोळा कधी?

लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. मालक आणि कामगार यांच्यातील प्रत्येक करारात, ती स्पष्ट लिहिलेली असो वा नसो, शरीराला व आत्म्याला पुरेशी विश्रांती मिळण्याची अट गृहीत असलीच पाहिजे, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. मे २०२५ मध्ये परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनी हे नाव धारण करताना याच विश्वपत्राची आठवण सांगितली. म्हणजे विसाव्याचा हा विषय ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीच्या गाभ्याशी आहे. तो भावनेचा किंवा दयेचा नाही, न्यायाचा आहे.

तर मग केबिनचे बुकिंग करूच नये काय? असा निष्कर्ष आम्ही काढत नाही, आणि त्याला कारण आहे. २०२० मध्ये जगातील क्रूझ जहाजे उभी राहिली, तेव्हा हजारो कर्मचारी महिनोन्महिने समुद्रात अडकले. जे घरी परतले त्यांच्या हाताला काम नव्हते. तारवट्याच्या पगारावर गोव्यात आणि वसईत घरे उभी राहिली आहेत, मुले शिकली आहेत, बहिणींची लग्ने झाली आहेत. आपण सारे घरी बसलो तर त्याला विसावा मिळणार नाही. त्याला बेकारी मिळेल. म्हणून प्रश्न जाण्या-न जाण्याचा कमी आणि कसे जावे याचा अधिक आहे.

यावर कोणी म्हणेल : एवढ्या प्रचंड कंपन्या, त्यांची जहाजे पुष्कळदा बहामा, पनामा अशा दूरच्या देशांच्या झेंड्याखाली नोंदवलेली, तेथे यवतमाळच्या एका कुटुंबाने मनात काही आणून काय होणार? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्यही आहे. आपल्या एका प्रवासाने कोणाचे ७२ तास ६० होणार नाहीत. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे तो सागरी करार आकाशातून पडला नाही. खलाशांच्या संघटनांनी आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दीर्घकाळ केलेल्या आग्रहातून तो आला. १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले आणि आज 'स्टेला मारिस' या नावाने चालणारे कॅथॉलिक कार्य बंदराबंदरांत खलाशांना भेटते, त्यांची दुखणी ऐकते. अशा कार्याला हातभार लावणे सफर न करणाऱ्यालाही शक्य आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जहाजावरचा माणूस आपल्या हाती नाही. घरातला आणि शेतातला मात्र आहे. आठ दिवस आपण बाहेरगावी जातो तेव्हा धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला काय सांगतो? 'आम्ही नाही, तू येऊ नकोस.' आणि महिनाअखेरीस त्या आठ दिवसांचे पैसे कापतो. म्हणजे आपल्या सुटीचा खर्च काही अंशी तिच्याकडून वसूल करतो! गुढीपाडव्याला ज्याचे साल ठरते त्या सालदाराला वर्षात हक्काच्या सुट्या किती, हे करारात कोण बोलते? कापूस वेचायला येणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते. ज्याची मजुरी किलोवर, त्याने घेतलेला प्रत्येक विसावा त्याच्याच पदरचा. त्यांतील एखादी कमरेत वाकून आमच्या जिल्ह्याचा कापूस वेचते, आणि कुणी सांगावे, जहाजावरच्या केबिनमध्ये आपण ज्या शुभ्र चादरीवर अंग टाकतो तिच्यात त्याच काळ्या मातीतला धागा असेल. यवतमाळचा कापूस यवतमाळच्या माणसाआधी कितीतरी वर्षे समुद्रावर गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाने प्रसिद्ध झालेली छोटी रेल्वे धावू लागली ती मुख्यतः येथला कापूस मुंबई बंदरात आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचवण्यासाठी. आता ती गाडी धावत नाही. पण कापूस जातो आणि वेचणारी मागे राहते, हा क्रम बदललेला नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय या जिल्ह्यात पुरा होत नाही. ती कर्जाची. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि मुलांसह पवनारजवळ जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या दुःखद मालिकेचा आरंभ म्हणून त्या दिवसाकडे पाहिले जाते. ज्या मातीने कर्जाचे असे रूप पाहिले, तेथे हौसेसाठी हप्ते बांधून घेणे निदान आम्हाला तरी शोभत नाही. शेतकऱ्याने बी-बियाण्यासाठी, उपचारासाठी काढलेले कर्ज ही त्याची अगतिकता असते. दोन रात्रींच्या सफरीसाठी दोन वर्षांचे हप्ते हा मात्र विसावा नव्हे. परतल्यावर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला तो आपल्याला थकवील. जो आनंद साठवलेल्या पैशातून, वाट पाहून घेतला जातो, तो जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि उतरल्यावरही बरेच दिवस पुरतो.

या सर्व विचाराचा व्यवहारात काय अर्थ होतो, हे थोडक्यात सांगता येईल. ज्यांना जायचे आहे त्यांनी आनंदाने जावे. बुकिंग करताना केबिन गरजेच्या मापाने घ्यावी. मानाच्या मापाने घेऊ नये. आपली खोली आवरणाऱ्याचे नाव विचारावे, त्याच्या गावाची आणि मुलांची चौकशी करावी, त्याला बक्षिसी द्यावी ती उपकाराच्या सुरात देऊ नये. त्याच्या कामात चूक झाली तर तक्रारीचा अर्ज भरण्यापूर्वी तो किती तास उभा आहे याचा अंदाज घ्यावा. आणि घरातून निघण्याआधी कामाच्या बाईला भरपगारी सुटी द्यावी, सालदाराला निदान एक दिवस त्याच्या घरच्यांसाठी मोकळा द्यावा. हा खर्च सफरीच्या हिशेबातच धरावा, जसा आपण रेल्वेचा आणि टॅक्सीचा धरतो. तो परवडत नसेल तर सफर अजून परवडत नाही, असे समजावे. ज्या विसाव्यात आपल्या दाराशी राबणारा वाटेकरी आहे, त्या विसाव्याला तिसऱ्या आज्ञेची सावली मिळते.

ज्यांना जाता येणार नाही, आणि आमच्या जिल्ह्यात अशीच घरे बहुसंख्य आहेत, त्यांनीही यातून एक गोष्ट उचलावी. दरवर्षी जुलै महिन्यातील दुसरा रविवार जगभरची ख्रिस्तसभा 'समुद्र रविवार' म्हणून पाळते आणि खलाशांसाठी प्रार्थना करते. किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांत त्याची आठवण होते; आमच्या अमरावती धर्मप्रांतातील, समुद्र कधी न पाहिलेल्या धर्मग्रामांतही ती व्हावी. जुलैच्या त्या दिवसांत येथे पेरण्या आटोपलेल्या असतात आणि निंदणी सुरू झालेली असते. त्या रविवारी मिस्सेत दूरच्या तारवट्यासाठी एक प्रार्थना म्हणावी, आणि घरी परतल्यावर निंदणीच्या बायांना रविवारचा रोज न कापता सुटी द्यावी. समुद्रावरच्या माणसाला आपण पाठवू शकू असा सर्वांत जवळचा निरोप हाच आहे.